कालवे, तितर आणि फरासिसांची दारू: रेवदंडा ते पुणे

पुण्याहून परतून फार दिवस झाले नाहीत तोच आमच्या आळीत माझ्या प्रवासाच्या निरनिराळ्या कहाण्या फिरू लागल्या. एकीत मी फिरंग्याच्या पंक्तीला बसून बाटलो आहे. दुसरीत मी एका सरदाराला विष घालून पळून आलो. तिसरीत त्याच सरदाराने माझ्या हातात सोन्याचे कडे घातले. कडे असते तर मी ते दाखवलेच असते. घाट न चढलेली माणसे घाटावरच्या गोष्टी फार रंगवून सांगतात. म्हणून जे घडले ते मीच लिहून ठेवतो.

मी केशव, रेवदंड्याचा, जातीने प्रभू. पोर्तुगीज फिरंग्यांच्या अमलात माझ्या वडिलांनी बंदरात कारकुनी केली, त्यामुळे घरात त्यांची बोली होती. तिच्या जोरावर मी फरासिसांची, म्हणजे फ्रेंचांची, भाषाही उचलली आणि बंदरात उतरणाऱ्या व्यापाऱ्यांचा दुभाषी झालो. माझा धाकटा भाऊ माधव एका गलबतावर हिशेबनीस होता. ते गलबत मुंबईहून येत असता त्यावर इंग्रजांचे हेर आहेत असा संशय आला आणि पुणे दरबारच्या शिपायांनी वरची सगळी माणसे धरून घाटमाथ्यावरच्या एका किल्ल्यावर नेऊन ठेवली. किल्ल्याचे नाव मी मुद्दामच लिहीत नाही. पावसाळा गेला, दिवाळी गेली, माधव सुटला नाही. आईने मासळी खाणे सोडले. कोणी विचारले तर म्हणायची, "काटे काढायला आता दिसत नाही." पण सुई ओवायला तिला दिसत होते.

त्याच सुमारास मुसे देलोन नावाचा फरासीस व्यापारी माझ्याकडे आला. साठी ओलांडलेला, बारीक, सतत हात चोळणारा. त्याला बंदरात वखार घालायची परवानगी हवी होती. पुण्यात त्याच्यासाठी शब्द टाकू शकेल असा एकच माणूस होता, सरदार सुभानराव. माझा भाऊ ज्या किल्ल्यावर होता तो किल्लाही सुभानरावांच्याच ताब्यात. सरदारांचा निरोप आला की फरासिसांची द्राक्षांची दारू म्हणे फार नामी असते, ती घेऊन या, आणि कोकणातून येताच आहात तर समुद्राची मासळीही आणा. असे आमच्या दोघांच्या दोन कामांना मिळून एकच जेवण ठरले.

बांधाबांध

माघ संपत आला होता. सकाळी गारवा, दुपारी ऊन. ताजा मासा पुण्यापर्यंत टिकणे शक्य नव्हते, म्हणून जिवंत राहील तेच घेतले. चिंबोऱ्यांच्या नांग्या बांधून त्या ओल्या गोणपाटात ठेवल्या. खडकावरची कालवे शिंपल्यांसकट काढून समुद्राच्या शेवाळात गुंडाळली. देलोनच्या बाटल्या भाताच्या पेंढ्यात बांधून करंड्यांत भरल्या. तीन जाती होत्या. तांबडी, पांढरी, आणि एक फेसाची, जिचे बूच तारेने बांधलेले होते.

"पांढरी माशाबरोबर, तांबडी पाखरांबरोबर," देलोन मला पुन्हा पुन्हा बजावत होता. "उलट कधीही नाही."

"उलट केले तर काय होते?"

"तुम्ही दुधाबरोबर मासा खाता?"

"नाही."

"का?"

"खात नाहीत."

"बस," तो म्हणाला, "हेच उत्तर."

माझे समाधान झाले नाही हे पाहून त्याने दोन्हींची चव मला समजावून सांगितली. पांढरी आंबटसर, आमच्या कोकमाच्या साराच्या जातीची, ती माशाला उठाव देते. तांबडी तुरट, कच्च्या सुपारीसारखी जीभ आवळणारी, तिला मांसाची चरबी लागते. मी काही ती चाखली नाही. दुभाष्याला शब्द पुरतात, असे मला तेव्हा वाटत होते.

घाटात

मचव्याने नागोठण्यापर्यंत गेलो आणि तिथून बैल व ओझ्याची माणसे घेऊन खोपोलीकडे निघालो. खाडीचा वास मागे पडला. दर मुक्कामी मी आधी कालवे पाही. शिंपला घट्ट मिटलेला असला म्हणजे आतला जीव शाबूत. उघडा पडला की तो फेकायचा. मेलेले एक कालव सरदाराच्या पोटात गेले तर माधवचे काय होईल, हा विचार डोक्यातून जाईना. मी मिठाचे पाणी शिंपडीत असे आणि देलोन बाटल्यांवर ओली फडकी टाकीत असे. बरोबरचे हमाल आमच्याकडे पाहून हसत.

बोरघाटाच्या चढणीवर दुपार झाली. एका बाजूला कातळ, दुसऱ्या बाजूला दरी, वाट जेमतेम एका बैलाची. हमाल चाल धरून गुणगुणत होते. इतक्यात पुढच्या करंड्यात फाडकन आवाज झाला. फेसाची एक बाटली उन्हाने फुटली होती. तिच्या धक्क्याने शेजारची फुटली, मग तिसरी. बैल बिथरला, मागच्या पायांवर उठला, दोर तुटला आणि करंडा दरीत गेला. खाली बराच वेळ काचेचा खळखळाट ऐकू येत होता. मग सगळे शांत झाले.

बैलवाला खाली बसून बैलाचे पाय चाचपू लागला. बैलाला काही झाले नव्हते. देलोन मात्र कड्याच्या काठाशी उभा राहून खाली पाहत होता. मला वाटले हा आता उडी टाकतो. मी त्याचा दंड धरला.

"कोणता होता?" मी विचारले.

"पांढरीचा," तो म्हणाला. "फेसाची सगळी त्यातच. पांढरी जवळजवळ सगळी."

उरलेल्या करंड्यांत तांबडी भरपूर होती आणि तिच्यात चुकून बांधलेल्या पांढरीच्या बाटल्या होत्या अवघ्या दोन. त्या दोन्ही देलोनने स्वतःच्या अंगरख्यात गुंडाळून घेतल्या आणि पुढची सगळी वाट तान्ह्या मुलासारख्या छातीशी धरून चालला.

घाट चढून गेल्यावर देश दिसू लागतो. आमच्याकडे नजर नेहमी पाण्यावर जाऊन टेकते. इथे ती टेकायला जागाच नाही. पिवळी कापलेली शेते, मधून बाभळी, आणि दूर दूर सपाट माथ्याचे डोंगर. त्यांतल्या एका डोंगराकडे बोट करून हमालाने माधव होता त्या किल्ल्याचे नाव सांगितले. मी थांबलो. वर तटाची बारीक रेघ दिसत होती, धूर निघत होता. कोणाची तरी भाकरी भाजली जात असेल. इतक्या लांबून हाक पोचत नाही हे ठाऊक असूनही मी हाक मारायला तोंड उघडले होते. मग तसेच मिटून पुढे चाललो.

पुण्याची चौकी

तळेगाव, चिंचवड करीत पुण्याजवळ आलो. शहरात दारूची विक्री बंद आहे हे मला ठाऊक होते. फिरंग्याने स्वतःपुरती बाळगली तर चालते, पण करंडेच्या करंडे आणलेले कसे चालतील? सुभानरावांनी दिलेल्या परवान्यात 'औषधी द्राक्षासव' असा शब्द होता. त्या एका शब्दावर माझा सारा भार.

चौकीवरचे कारकून स्वच्छ धोतर नेसून बैठकीवर बसले होते. त्यांनी परवाना वाचला, बाटल्या पाहिल्या, मग माझ्याकडे पाहिले.

"कोण आजारी आहे?"

"सरदार सुभानराव."

"काय होते त्यांना?"

मी गडबडलो. "अजून काही होत नाही."

"बरोबर. हे घेतल्यावर होईल," ते म्हणाले आणि पुन्हा वाचू लागले. "अहो, आणि ह्या गोणपाटात काय वळवळते आहे?"

मी उत्तर देणार तोच गोणपाटाची शिवण उसवून एक चिंबोरी बाहेर पडली. तिच्या नांगीची दोरी वाटेत सुटली होती. ती तिरकी तिरकी बैठकीवर चढली आणि कारकुनांच्या धोतराच्या काठाला तिने नांगी घातली. ते एकदम उभे राहिले. शिपाई भाल्याने तिला ढकलू लागले, ती भाल्यालाच लटकली. मी पुढे होऊन मागून धरली तेव्हा कुठे सुटका झाली.

"परवान्यात हिचे नाव नाही," कारकून धोतर झटकीत म्हणाले.

"नाही."

"आता मला पुन्हा स्नान करावे लागणार. जा आपण. लवकर जा. आणि परत जाताना दुसऱ्या वाटेने जा."

पुणे मी पहिल्यांदाच पाहत होतो. पेठांच्या वाटा आखल्यासारख्या, जागोजाग दगडी हौद, त्यात कात्रजेहून नळाने आणलेले पाणी. आमच्याकडे विहिरीवर गेले की बायका नाव, गाव, मुले सगळे विचारून घेतात. इथे मी हौदावर पाणी प्यालो तर कोणी वर मान करून पाहिले नाही. हवेत मीठ नाही. पहिल्याच दिवशी ओठ फुटले. मुठेच्या पलीकडे सुभानरावांची आमराई होती. तिथे आमची उतरायची सोय होती. जेवायला जोंधळ्याची भाकरी, पिठले आणि असा ठेचा की देलोनच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. तरी त्याने तो पुन्हा मागून घेतला. मला भात हवा होता, पण परक्या घरी मागायचा कसा? कोरडी भाकरी पाण्याबरोबर उतरवली.

सरदारांचे कारभारी आबाजीपंत आम्हाला भेटायला आले. गोरे, सडसडीत, बोलताना पापणी न हलवणारे.

"आपण केशवराव. आपण दारूचे दुभाषी का माशांचे?"

"दोन्हींचा."

"मग उद्या कोणाची बाजू घ्यायची ते आजच ठरवून ठेवा," ते म्हणाले आणि गेले. मी रात्रभर त्या वाक्याचा अर्थ लावीत पडलो.

जेवण

सरदार फिरंग्याच्या हातचे खाणार नव्हते, तेव्हा स्वयंपाक त्यांच्या घरच्या सगुणाबाईंनी करायचा ठरला होता. त्या तितर आणि रानकोंबडा करण्यात वाकबगार. चिंबोरी मात्र त्यांनी जन्मात पाहिली नव्हती.

"ह्यो मासा का किडा?" त्यांनी मला विचारले.

"मासाच म्हणा."

"मसाला कुटं लावू? पाठीला का प्वाटाला?"

मी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याबाहेर बसून त्यांना सांगत गेलो. चिंबोरीचे कवच असे काढा, नांग्या ठेचा, नारळ वाटून घाला. नारळ आणि कोकम मी घरून आणले होते. कालवे मी स्वतः कोयत्याने उघडून दिली, प्रत्येक हुंगून पाहिले. एकही वाईट निघाले नाही. मिठाच्या पाण्याच्या वासाने मला घरची इतकी आठवण झाली की हातातला कोयता थांबला. सगुणाबाईंनी ते पाहिले. "भ्याला का? आमचा धनी रागीट हाय, पन अन्नावर रागवत न्हाई," त्या म्हणाल्या. मला त्यातून धीर आला नाही.

मध्यान्हीला आंब्याखाली पाट मांडले. सुभानराव चांदीच्या ताटावर बसले. भरदार देह, पांढऱ्या मिशा, आवाज असा की फांदीवरचे कावळे उडाले. देलोन लांब एका चौरंगावर वेगळ्या ताटाशी. आबाजीपंत जेवत नव्हते, पानाचा डबा घेऊन बाजूला बसले होते. मी मधोमध उभा. चार शिपाई मागे.

पहिल्याने कालवांची आंबट आमटी वाढली. देलोनने पांढरीचे बूच काढून सरदारांच्या चांदीच्या पेल्यात ती ओतली. सरदारांनी पेला तिरका करून पाहिला.

"ही पांढरी कशापायी? पानी घातलंय का?"

मी सांगितले की ही जातच पांढरी असते, माशाबरोबर हीच घ्यायची असते, तांबडी तितरांबरोबर येईल.

"करंडे तर तांबड्याचं भरल्यात. चांगली ती पाव्हन्यासाठी ठेवून मला ही व्हय? तांबडी वत."

मी देलोनला सांगितले. तो चौरंगावरून अर्धा उठला. "नाही, नाही, माशाबरोबर नाही! जीभ बिघडेल, त्यांना सांगा!"

मी सांगितले. जितके नम्रपणे सांगता येईल तितके सांगितले. सुभानराव मोठ्याने हसले. "जेवनार मी, आन् चव सांगनार ह्यो?"

पेला गवतात रिकामा झाला, तांबडी आली. सरदारांनी कालव तोंडात टाकले, चघळले, मान डोलावली. मग तांबडीचा घोट घेतला. पुन्हा एक कालव, पुन्हा घोट. मी त्यांच्या चेहऱ्यावरून नजर काढली नव्हती, म्हणून तो बदललेला मला आधी दिसला. भुवया जवळ आल्या. जीभ तोंडात फिरली. त्यांनी घास ताटाबाहेर थुंकला.

"तांबं! तोंडात तांब्याचा पैसा ठेवल्यागत लागतंय. आबाजीपंत, ह्यात काय हाय?"

त्या एका वाक्याने आमराईतली हवा पालटली. तेव्हा पुण्यात विषाची भीती कोणाला नव्हती? मोठ्या घरांत पाणीसुद्धा चाखून मग पीत. शिपायांनी देलोनचे दोन्ही हात धरले. त्याच्या मांडीवरची पांढरीची दुसरी बाटली गवतात घरंगळली. मला कोणी धरले नाही, दुभाष्याशिवाय चौकशी कशी होणार?

आबाजीपंतांनी पानाचा डबा मिटला. "केशवराव, पाहुण्याने आणलेला पदार्थ पाहुण्याने आधी खायचा असतो. थोडा उशीर झाला. आता घ्या."

"देलोन घेईल," मी म्हणालो.

"त्यांचे पोट ह्याला सरावलेले आहे. आपले घ्या."

"मी दारू पीत नाही, पंत."

"मीही पीत नाही. पण मी ती आणलेलीही नाही."

हा पेला ओठाला लावला की मी जातीबाहेर. न लावला तर देलोन आणि मी दोघे दोषी, आणि माधवचे नाव घेण्याचीही सोय उरत नाही. मी द्रोणात कालवांची आमटी घेतली, मातीच्या भांड्यात तांबडी घेतली. आधी कालव, मग घोट.

आणि खरोखरच तांबे लागले. जुन्या, कळकलेल्या भांड्याची चव, मागून मासळीचा कुबट वास. मी देलोनकडे पाहिले. त्या क्षणी, खरे ते लिहितो, मला वाटले की ह्या म्हाताऱ्याने कोणाच्या तरी सांगण्यावरून हे केले आहे आणि मला नकळत ह्यात ओढले आहे.

"कसे लागले?" आबाजीपंतांनी विचारले.

खोटे बोलायचे धाडस झाले नाही. "तांब्यासारखे," मी म्हणालो.

"बसा तर मग. पाहू."

मला आंब्याच्या बुंध्याशी बसवले. सरदार समोर, पाटावरून न उठता, माझ्याकडे टक लावून. ताटे तशीच. माशा घोंगावू लागल्या. मी माझ्या पोटाकडे लक्ष लावून बसलो. कुठे जरा गुरगुरले की वाटे, आली घटका. हातांना मुंग्या येत आहेत का? का नुसतेच आखडले आहेत? तोंड कोरडे पडले, पण ते पुण्यात आल्यापासून कोरडेच होते. आई आठवली. माधवला हे कोण कळवणार, तेही मनात आले. सावली बुंध्यावरून सरकून माझ्या गुडघ्यांवर आली.

"काय वाटते?" आबाजीपंतांनी मधूनच विचारले.

"भीती वाटते."

"ती खूण धरता येत नाही. पुण्यात ती सगळ्यांनाच वाटते."

इतका वेळ देलोन एकच वाक्य पुन्हा पुन्हा म्हणत होता. आधी ते माझ्या कानात शिरलेच नव्हते. "वेगवेगळे द्या त्यांना. मासा वेगळा, दारू वेगळी." मरत नाही असे वाटू लागल्यावर ते मला ऐकू आले. मी उठून सरदारांना मुजरा केला.

"महाराज, एकदा कालव नुसते खाऊ द्या. मग तांबडी नुसती. विष ज्यात असेल त्यात तांबे लागेल."

"खा."

नुसते कालव खाल्ले. गोड, समुद्राचे. पाण्याने चूळ भरून तांबडीचा घोट घेतला. तुरट, जांभळाच्या जवळची, पण तांबे नाही. मग पुन्हा दोन्ही एकत्र घेतली. तांबे. मी तसे सांगितले. शेवटी गवतातली बाटली उचलून मातीच्या दुसऱ्या भांड्यात पांढरी घेतली आणि तिच्याबरोबर कालव खाल्ले. आमटीत लिंबू पिळल्यासारखी चव उजळली. माझा चेहराही तसा झाला असेल, कारण सरदार पुढे झुकले.

"दोन्ही चांगली आहेत," मी म्हणालो. "एकत्र आली की भांडतात. कच्ची सुपारी चघळून वर दूध पिऊन पाहावे, तसे."

सुभानरावांनी आबाजीपंतांकडे हात केला. पंतांनी डब्यातून सुपारीचे खांड दिले. सरदारांनी ते कराकरा चावले, वर दूध मागवून प्याले आणि तोंड असे वाकडे केले की मागचा एक शिपाई फसकन हसला आणि लगेच खाली पाहू लागला.

"सोडा त्या म्हाताऱ्याला," सरदार म्हणाले. "सगुणाबाई, गरम करा समदं. भूक लागली."

दुसऱ्यांदा वाढलेले ताट

चिंबोऱ्यांचे कालवण पांढरीबरोबर झाले. सरदारांनी नांगी दातांनी फोडली, वर घोट घेतला. मग म्हणाले, "मिसरूड फुटलं न्हवतं तवा वसईच्या मोर्च्यात हुतो. भरतीचं पानी तोंडात गेलं हुतं. माझ्या संगं माझा थोरला भाऊ हुता. त्यो तिकडंच ऱ्हायला." त्यांनी पेला खाली ठेवला. "तवापासनं समुद्राचं काय खाल्लं न्हाई."

तितर तांबडीबरोबर आले. सगुणाबाईंनी ते तुपात, काळ्या मसाल्यात केले होते. इथे तांबडीने आपली जात दाखवली. मी ती पुन्हा घेतली नाही, पण सरदारांच्या ताटात हाडे साचत गेली त्यावरून कळले. देलोन मनगटे चोळीत जेवत होता आणि दर घासाला माझ्याकडे पाहून मान हलवीत होता.

माधवविषयी बोलायचे म्हणून मी रेवदंड्यापासून वाक्ये जुळवीत आलो होतो. आता त्यांतले एकही आठवेना.

"माझाही भाऊ आहे," एवढेच तोंडून निघाले. "आपल्या किल्ल्यावर आहे. त्याने काही केलेले नाही."

सुभानरावांचा हात थांबला. "आन् हे तू आत्ता सांगतोस? विख असंल तरी प्यालास, तवा का न्हाई बोललास?"

"तेव्हा बोललो असतो तर आपण म्हणाला असता, हा भावासाठी काहीही पिईल."

"तसे आताही म्हणता येते," आबाजीपंत म्हणाले.

सरदारांनी हात धुतले. "चौकशी करतो," एवढेच म्हणून ते उठले.

त्यानंतरचे दिवस मी कसे काढले ते लिहिण्यात अर्थ नाही. पर्वतीवर गेलो, पेठा हिंडलो, आंबेमोहोराचा भात एका घरी मिळाला तर त्याच्या वासानेच पोट भरले. रोज कारभाऱ्यांकडे जावे, "चौकशी चालू आहे" ऐकावे आणि परत यावे. एका सकाळी मात्र आबाजीपंत स्वतः आमराईत आले. "गलबतावरच्या बाकीच्यांचे ठाऊक नाही. आपल्या भावाविषयी कोणाकडे काही निघाले नाही. घेऊन जा." मी त्यांच्या पाया पडू लागलो तसे ते मागे सरले. "राहू द्या. आपल्याला अजून प्रायश्चित्त घ्यायचे आहे."

देलोनच्या वखारीला मात्र नकार आला. इंग्रजांना डिवचायची ती वेळ नव्हती, असे काहीसे कारण दिले. उरलेली तांबडी त्याने सरदारांकडे ठेवली आणि तो फरासिसांच्या फुलचेरी बंदराच्या वाटेला लागला. निघताना मला वाटले, तो झाल्या प्रकाराबद्दल काही बोलेल. त्याने माझा हात धरून विचारले, "चिंबोरीबरोबर त्यांनी पांढरी पुरती संपवली ना? मला लांबून नीट दिसले नाही." संपवली, असे मी सांगितले. तो समाधानाने गेला.

घरी

किल्ल्याच्या पायथ्याशी माधव मला आधी ओळखू आला नाही. दाढी वाढलेली, खांदे आत गेलेले. त्याने मात्र लांबूनच "दादा" म्हटले. आम्ही घाट उतरलो. खाडी दिसली तेव्हा तो तिथेच खाली बसला.

घरी पोचलो तर बातमी आमच्या आधीच आली होती. त्या दिवशी जेवायला सगळे भाऊबंद जमले होते. काकांनी मला बाजूला घेऊन हळूच सांगितले, "केशव, ज्ञातीचा निकाल होऊन प्रायश्चित्त होईपर्यंत तुझे पान पडवीत. वाईट वाटून घेऊ नकोस." वाईट वाटण्यासारखे होतेच, पण काका चुकीचे बोलत नव्हते. मी पडवीत जाऊन बसलो. आत माजघरात पंगत बसली. आईने पापलेट तळले होते, वास येत होता. माधवचे पान थोरल्यांच्या शेजारी, मधोमध मांडले होते, त्याच्यासाठी चौरंग आणि रांगोळी.

वाढणे सुरू झाले आणि आत काहीतरी कुजबुज झाली. काकांचा आवाज चढला. मग उंबऱ्यात माधव दिसला. त्याने भरले पान दोन्ही हातांवर तोलून धरले होते, आमटीचा ओघळ मनगटावरून वाहत होता. तो पडवीत आला, माझ्या शेजारी जमिनीवर पान ठेवून बसला.

"अरे, तुलाही बाटला म्हणतील," मी म्हणालो. "आत जा."

"किल्ल्यावर एकटाच जेवत होतो," तो म्हणाला. "आता एकट्याने घास उतरत नाही. तू सुरू कर."